समीक्षेचे सोवळे आणि संभावनेचा प्रश्न

१

मराठी समीक्षेत भुताची जात त्याच्या पत्त्यावरून ठरते. भूत लोककथेत राहत असेल तर ते ‘लोकतत्त्व’ असते. त्याच्यासाठी चर्चासत्रे भरतात आणि प्रबंध सिद्ध होतात. ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात वावरत असेल तर आदिम प्रेरणांचे प्रतीक ठरते. जी. ए. कुलकर्णींच्या रूपककथेतल्या अनाम प्रदेशात भेटले तर त्याला नियती म्हणतात. विलास सारंगांच्या कथेत अशक्य ते घडले तर त्याला काफ्काचे गोत्र मिळते. हेच भूत नारायण धारपांच्या कादंबरीत, शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहायला आले, की मात्र त्याचा एकदम ‘वाचनालयाचा माल’ होतो आणि समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर त्याला उभे केले जाते. भूत तेच, पण सोयर कोणाचे पाळायचे आणि सुतक कोणाचे, हे आम्ही पत्ता पाहून ठरवतो.

या विधानात अतिशयोक्ती आहे असे कोणाला वाटेल, म्हणून स्वतःचाच अनुभव नोंदवतो. पीएच.डी.साठी विषय निवडताना मी मराठी भयकथेचा विषय सुचवला होता. एका जाणत्या अभ्यासकाने, रागाने नव्हे तर माझ्या हिताच्या काळजीने, तो बदलायला लावला. मी बदलला. त्याबद्दल आता तक्रार करण्याचे कारण नाही. कारण पुढे मीही तेच केले. वारणाकाठच्या एका गावातून येणारी माझी विद्यार्थिनी धारपांच्या कथांवर लघुप्रबंध लिहू इच्छीत होती. मी दोन दिवस विचार केला आणि ‘परिसरातील लोककथांमधील भूतकल्पना’ असा विषय घ्यायला तिला सांगितले. तो विनाहरकत संमत झाला. म्हणजे ज्या सोवळ्याविरुद्ध हा लेख आहे ते मीही नेसलेलो होतो. प्रस्तुत लेखनामागे जशी वादाची खुमखुमी आहे तशी या कबुलीची निकडही आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे : मराठी समीक्षेने विज्ञानकथेला विज्ञानप्रसारक म्हणून गौरवले आणि भयकथेला अंधश्रद्धाप्रसारक म्हणून (किंवा निव्वळ करमणूक म्हणून) बहिष्कृत केले. हे दोन निवाडे परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः ते एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत. दोन्हींमध्ये कथेची परीक्षा तिच्यातील वस्तू खरी की खोटी यावर होते. अशक्य वाटणारी गोष्ट वाचकाच्या मनात शक्य कशी होते, हा जो खरा साहित्यशास्त्रीय प्रश्न, तो दोन्हीकडे विचारलाच जात नाही.

२

अद्भुताला मराठी गद्यात उपरे मानण्याची प्रथा आहे, म्हणून थोडा इतिहास पाहिला पाहिजे. मुद्रित मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यात निघालेली वैजनाथ शर्मा यांची सिंहासनबत्तिशी आहे. पुढे १८३०च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी मराठीत आणली. आपले छापील गद्य चालायला शिकले ते बोलत्या पुतळ्यांचे आणि वेताळाचे बोट धरून. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’नंतर (१८५७) चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली, आणि वाचकांनी डोक्यावर घेतली ती या अद्भुतरम्य कथानकांना. पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी वेष दिला, नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहिली. आणि बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार व काळा पहाड यांना घरोघरी पोहोचवले.

या परंपरेविषयी सर्वांत प्रामाणिक विधान केले ते काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी, १८७२ साली, नावल आणि नाटक यांवरील आपल्या निबंधात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या समाजातील विवाहाच्या रीती आणि एकंदर जीवनक्रम असा आहे की रोजच्या अनुभवाचे यथातथ्य वर्णन केले तर त्यात मन गुंतवणारे काही उरत नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळणे भागच पडते. हे मत चूक ठरवणे सोपे आहे, आणि हरिभाऊ आपट्यांनी ते आपल्या कादंबऱ्यांनी चूक ठरवलेही. परंतु मराठ्यांनी अद्भुताची कारणे समाजरचनेत शोधली, हे ध्यानात घेतले पाहिजे. अद्भुत म्हणजे लेखकाचा उथळपणा अशी सोपी वाट त्यांनी धरली नाही. त्यानंतरच्या शतकभरात आपण ती सोपी वाट धरली.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशी जी मांडणी केली तिचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. पण त्या मांडणीचा अध्यापनात जो वापर झाला तो तपासण्यासारखा आहे. पहिली प्रवृत्ती म्हणजे वास्तव, म्हणून नैतिक. दुसरी म्हणजे रंजन, म्हणून पलायन, असे समीकरण आम्ही वर्गावर्गांतून घोटून घेतले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ‘मुक्तामाला’ न वाचता तिचा धिक्कार करणारी वाक्ये दरवर्षी येतात, आणि आम्ही त्यांना गुण देतो. वर्गीकरण हे वाचनाचे साधन असते. येथे ते न वाचण्याचा परवाना झाले आहे.

३

भूत आणि यंत्रमानव यांच्यासंबंधी विचारायचा प्रश्न आपल्याच साहित्यशास्त्रात हजार वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. भरताने भयानक, बीभत्स आणि अद्भुत यांना रसांच्या पंक्तीत बसवले. भय, जुगुप्सा व विस्मय यांना स्थायी भावांचा मान दिला, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. त्यापुढे जे सांगायला हवे ते मात्र राहून जाते. रसानुभवात भाव साधारण होतो म्हणजे नेमके काय होते, हे स्पष्ट करताना अभिनवगुप्ताने जे उदाहरण निवडले ते शृंगाराचे नाही, करुणाचेही नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे हरीण त्याने घेतले. म्हणजे उदाहरण भयाचे आहे. ते भय त्या एका हरिणाचे राहत नाही, प्रेक्षकाचे खासगीही होत नाही. ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’ या मर्यादा गळून, स्थळकाळाचे बंधन सुटून भय तेवढे प्रतीतीला येते. भारतीय रसविचाराच्या मध्यवर्ती सिद्धांताचे उदाहरण भय आहे, आणि त्या सिद्धांताचे वारस म्हणवणारी समीक्षा भयकथेला दारात उभे करीत नाही. हा विरोधाभास आजवर कोणाला खटकला नाही, याचेच आश्चर्य वाटते.

याहून उपयुक्त आहे ती अभिनवगुप्ताची रसविघ्नांची चर्चा. सात विघ्नांपैकी पहिले त्याने सांगितले ते ‘संभावनाविरह’. जे घडते आहे ते घडू शकेल असे ज्याला वाटतच नाही, त्याचे चित्त तेथे विसावणार कसे? यावर त्याने उपाय दिला आहे. प्रसंग लोकसामान्य असेल तर हृदयसंवादाने काम भागते. परंतु प्रसंग अलौकिक असेल (समुद्रावर सेतू बांधण्यासारखा) तर राम वगैरे प्रख्यात नावांचा आश्रय करावा, कारण त्या नावांभोवती पिढ्यान्‌पिढ्यांचा रुजलेला विश्वास असतो. अॅरिस्टॉटलने न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता बरी असे म्हटले तेव्हा त्याने समस्या ओळखली होती. अभिनवगुप्त तिच्या तंत्राविषयी बोलतो : विश्वास कोठून उसना आणायचा?

या प्रश्नाने आधुनिक अद्भुताचे सर्व प्रकार एका ओळीत येतात. राम-रावणाचा आधार सुटलेल्या लेखकाने अशक्याला संभाव्य करायचे कसे? विज्ञानकथा प्रयोगशाळेच्या आणि समीकरणाच्या प्रतिष्ठेतून विश्वास उसना घेते. भयकथा तो ओळखीच्या जागेतून घेते : जिना, मोरी, बंद खोली, वारसाहक्काने आलेले घर. त्यांची सावकारी वेगळी, कर्जाचे कारण एकच.

पाश्चात्त्य सिद्धांतांकडे धाव घेणाऱ्यांनाही येथे सुटका नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर उभारली. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या अनिश्चयात तो प्रकार जगतो असे ते म्हणाले. डार्को सुविन यांनी १९७९ साली विज्ञानकथेला ज्ञानात्मक परकेपणाचे साहित्य म्हटले आणि परीकथा, भयकथा यांना ज्ञानविरोधी ठरवून त्यांच्यापासून तिला तोडून काढले. ही फाळणी आमच्या चर्चासत्रांत श्रद्धेने सांगितली जाते, कारण ती आमच्या जुन्या सोवळ्याला नवे पारिभाषिक वस्त्र पुरवते. मराठीतील साहित्यकृतींपुढे ती टिकते का, हे कोणी पाहत नाही. आपण पाहू.

४

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या लेखनापासून आरंभ करणे रास्त, कारण मराठी विज्ञानकथेची प्रतिष्ठा मुख्यतः त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. आणि त्यांचा जन्म आमच्या कोल्हापूरचा, एवढा प्रादेशिक अभिमान क्षम्य मानावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. वलयांकित वैज्ञानिकाला आपल्या कथेचे वाचन नावावाचून व्हावे असे वाटले, हा तिच्यातला सूचक भाग. समीक्षेने त्यांची ती इच्छा फारशी पूर्ण केली नाही. १९७५ च्या कराड साहित्यसंमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. या शेहेचाळीस वर्षांत त्यांच्यावर गौरवपर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील बहुतेक लेखन दोन प्रश्नांपलीकडे जात नाही : यातील विज्ञान अचूक आहे काय, आणि यातून कोणता संदेश मिळतो? विज्ञानप्रसार हा आपला एक हेतू असल्याचे नारळीकरांनी कधी लपवले नाही, हे खरे. पण लेखकाचा हेतू हीच कृतीची इयत्ता, असे आपण दुसऱ्या कोणत्या लेखकाबाबत मानतो?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात की जेथे पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. कथेच्या अखेरीस पुंजभौतिकीच्या आधारे स्पष्टीकरण येते आणि आमचे विवेचन नेमके त्या स्पष्टीकरणावर स्थिरावते. परंतु वाचकाचा विश्वास तेथे बसत नाही; तो आधीच, बखरीच्या पानावर बसलेला असतो. त्या दुसऱ्या जगातून गंगाधरपंतांच्या खिशात राहून आलेले पान हा कथेतला पुरावा आहे. येथे दुर्बीण नाही, प्रयोग नाही. मराठी मनाला ज्या कागदावर विश्वास ठेवण्याची शतकानुशतकांची सवय आहे तो कागद आहे. गोळी कानाजवळून गेली की लागली, एवढ्या फरकावर जगे बदलतात; आणि हा फरक मराठी वाचकाला पुंजसिद्धांतामुळे पटत नाही. १७६१ पासून ‘असे झाले असते तर’ हे वाक्य तो मनात घोळवीत आला आहे, म्हणून पटतो. ही कथा पराभूताच्या इच्छास्वप्नाची कथा आहे. तिच्यातले विजयी राष्ट्र स्वावलंबी आहे, लोकशाहीकडे गेलेले आहे आणि व्यासपीठावरच्या भाषणांना विटलेले आहे. कोणत्या वर्गाने, कोणत्या दशकात, असा पर्यायी भारत कल्पिला? हा प्रश्न विज्ञानाच्या अचूकतेत हरवून गेला.

आता शीर्षके पाहा. ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’. विज्ञाननिष्ठेचा आदर्श मानला गेलेला लेखक यक्ष, वामन आणि भस्मासुर यांना आपल्या पुस्तकांच्या दारावर उभे करतो. ‘वामन परत न आला’मध्ये गतकाळच्या प्रगत संस्कृतीचे गाडलेले ज्ञान हाती लागते, त्यातून यंत्रमानव घडतो आणि तो घडवणाऱ्यांच्या हातून निसटण्याचा धोका उभा राहतो. या यंत्रमानवाला ‘वामन’ म्हणताच, बुटके रूप आणि पाऊल ठेवायला मागितलेली जागा यांची सगळी पौराणिक आठवण वाचकाच्या मनात जागी होते. पुढे येणारा धोका त्याला समजावून सांगावा लागत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेला प्रख्यात नावाचा उपाय तो हाच. म्हणजे मराठी विज्ञानकथा प्रयोगशाळेकडून जेवढा विश्वास उसना घेते तेवढाच पुराणाकडूनही घेते. सुविन यांची फाळणी येथे निकालात निघते. ज्याला आपण शुद्ध विज्ञान म्हणून सोवळ्यात घेतले, त्याच्या पोटात अद्भुत सुखाने नांदत होते.

लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांच्या कथांचे असे वाचन व्हायचे आहे. अरुण साधूंच्या ‘विप्लवा’कडे तर राजकीय कादंबरीकार साधूंच्या अभ्यासकांनी जवळपास पाठच फिरवली.

५

धारपांकडे (१९२५–२००८) येताना पहिला आक्षेप ठरलेला असतो : हे उसने आहे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची ‘सालेम्स लॉट’ (१९७५) आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ (१९८६) आहे, हे वाचकांना माहीत आहे. ऋणनिर्देशाचा नैतिक प्रश्न येथे आहे आणि तो मी झटकत नाही. परंतु उसनेपणा हा अभ्यास नाकारण्याचा आधार कधीपासून झाला? आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंजारराव’ आपण शेक्सपिअरची रूपांतरे म्हणून अभ्यासतो; उसनवारी केली म्हणून देवलांना नाट्येतिहासातून काढून टाकत नाही. रूपांतर हीच भयकथेच्या अभ्यासकासाठी सर्वांत फलदायी जागा आहे. किंग यांच्या कादंबरीत अमेरिकेतील मेन राज्यातले छोटे गाव आहे, रक्तपिपासूंविरुद्ध उचललेला क्रूस आहे आणि ज्याची श्रद्धा डळमळली म्हणून ज्याच्या हातातला क्रूस निष्प्रभ होतो असा धर्मगुरू आहे. मराठीत येताना या क्रुसाच्या जागी काय येते? संस्थात्मक चर्च आपल्याकडे नाही. मग दुष्टाशी लढणारा अधिकारी पुरुष कोण? पुरोहित? मांत्रिक? प्राध्यापक? धारपांनी आपल्या कथामालिकेतील अशा पुरुषाचे नाव ‘समर्थ’ ठेवले. महाराष्ट्रात हे नाव काय काय जागे करते, हे मी वाचकांना सांगायला नको. पुन्हा प्रख्यात नाव, पुन्हा रुजलेला विश्वास. नारळीकरांचा वामन आणि धारपांचा समर्थ हे एकाच काव्यशास्त्रीय गरजेतून जन्मले, हे म्हणायला आपली जीभ का अडखळते?

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याबाबत हा दुटप्पीपणा एकाच लेखकाच्या अंगावर उमटला आहे. ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा ’७८’ यांचे नाटककार मतकरी समीक्षेला मान्य. ‘खेकडा’चे गूढकथाकार मतकरी वाचकांच्या हवाली. एकाच माणसाची एक बाजू ओसरीवर आणि दुसरी परसात. वास्तविक मतकरींच्या गूढकथेत भीतीचा उगम बहुधा बाहेरून येणाऱ्या भुतात नसतो. मध्यमवर्गीय कुटुंबातल्या दबलेल्या मत्सरात, हिशेबात, नात्यांतल्या क्रौर्यात असतो. कौटुंबिक वास्तवाचे हे चित्रण वास्तववादी कथेत आले असते तर त्यावर परिसंवाद झाले असते.

जे साहित्यसमीक्षेने केले नाही ते चित्रपटाच्या अभ्यासकांनी करून दाखवले. २०१८ साली आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाची बीजकथा धारपांकडून आलेली. धारपांची कथा पुन्हा किंग यांच्या कथेवर बेतलेली. आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले. मेन, पुणे, कोकण असा हा प्रवास. या चित्रपटावर लोभ, वारसा, जात, वसाहतकाळ अशा अंगांनी गंभीर चर्चा झाली. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक त्याला लाभले. त्यामागचा मराठी लेखक मात्र मराठी विभागांच्या संदर्भसूचींत शोधून सापडत नाही. आपल्या घरातली वस्तू शेजाऱ्याने दाखवल्यावर ओळखावी, अशी ही अवस्था.

६

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. ज्या महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला, आमच्या कोल्हापुरात २०१५ साली गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथे भूतकथेची वकिली करणे म्हणजे कोणाच्या हाती कोलीत देणे? जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ लढावे लागलेल्या राज्यात हा प्रश्न विचारला जाणे योग्यच आहे, आणि तो विचारणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली तेव्हा कोकणातून असाच आक्षेप घेतला गेला होता.

माझे उत्तर असे. बुवा आणि कथाकार दोघेही आपल्याकडे विश्वास मागतात, पण त्या मागण्यांच्या अटी वेगळ्या असतात. बुवा मागतो तो विश्वास आयुष्यभराचा, प्रश्नाविना आणि दक्षिणेसह. कथाकार मागतो तो चाळीस पानांपुरता, आणि पुस्तक मिटताच तो परत करतो. अभिनवगुप्ताचे हरीण हेच सांगते : रसातले भय कोणाचेही नसते, म्हणून ते कोणालाही गुलाम करीत नाही. उलट भीतीची चव घेता येणे म्हणजे तिच्यापासून एक पाऊल दूर उभे राहता येणे. जी भयकथा हा परतीचा रस्ता बंद करते, अखेरीस वाचकाला कर्मकांडाच्या दारात नेऊन सोडते, ती समीक्षकाने झोडपावी; मी त्याच्यासोबत असेन. पण ती झोडपण्यासाठी आधी वाचावी लागते, आणि चांगली भयकथा तिच्यापासून वेगळी कशी, हे सांगता यावे लागते. सरसकट बहिष्काराने विवेकाचे काम होत नाही. केवळ बरे-वाईट ओळखण्याची जबाबदारी टळते. विवेकवादाचा सर्वांत मोठा शत्रू भीती आहे असे आपण म्हणतो, आणि भीतीचे जे विस्तीर्ण दफ्तर मराठीत लिहून ठेवलेले आहे ते उघडायला तयार नसतो.

या दफ्तरात काय आहे, ते आमच्या परिसरापुरते सांगतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकाराने हे माळरान बदलून टाकले. १९९८ साली या भागातील सत्तर गावे संगणकाच्या जाळ्यात जोडण्याचा प्रकल्प येथे सुरू झाला. देशातल्या महानगरांतही घरोघरी इंटरनेट नव्हते त्या काळी ऊसउत्पादकाच्या नोंदी पडद्यावर दिसू लागल्या. विज्ञानकथेची इतकी साक्षात भूमी दुसरी क्वचितच असेल. आणि याच गावांतला शेतकरी शेतीपंपाच्या रात्रपाळीच्या विजेवर, दोन वाजता, डोक्याहून उंच उसाला पाणी पाजायला एकटा जात आला आहे. त्याला सापाचे भय आहे, अलीकडे बिबट्याचे आहे, आणि चकव्याचेही आहे. चकवा लागला म्हणजे ओळखीच्या बांधावर वाट हरवते, माणूस रात्रभर त्याच त्या सरींतून फिरत राहतो. माझ्या त्या विद्यार्थिनीने आपल्या घरातून ऐकलेल्या चकव्याच्या हकिकती वहीत टिपून आणल्या होत्या. त्यांत भूत थोडे होते. विजेचे वेळापत्रक, विहिरीतला हिस्सा, भाऊबंदकीचा बांध आणि झोपेवाचूनचा थकवा पुष्कळ होता. ती धारप वाचत होती ते या वहीच्या जोडीने. दोन्हींत तिला एकच प्रश्न दिसला होता : ओळखीची जागा अनोळखी कधी होते? आणि मी तिला सांगितले की वही चालेल, धारप चालणार नाहीत. एका वाचकाच्या मनात एकत्र आलेल्या दोन गोष्टी मी पात्रतेच्या नियमाने वेगळ्या केल्या. समीक्षेचे सोवळे प्रत्यक्षात असे काम करते.

७

याचा परिणाम केवळ अभिरुचीपुरता राहत नाही. समीक्षा ज्याला साहित्य म्हणत नाही त्याला ग्रंथालय जपत नाही. अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांपैकी किती आज एका छताखाली पाहायला मिळतील? अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चे, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांचे जुने वर्ष-वर्षांचे संच किती महाविद्यालयांत आहेत? ही पुस्तके वाचनालयांच्या साखळीत हातोहात फिरली, झिजली आणि रद्दीत गेली. माझ्याजवळची धारपांची काही जुनी पुस्तके मी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतली आहेत. त्यांवर एका सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का आहे आणि शेवटच्या पानावर तारखांची दाट रांग. एवढ्या वेळा घरी नेले गेलेले पुस्तक काढून टाकताना कोणाला काही वाटले नसावे, कारण वाटावे असे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके पुन्हा उपलब्ध केली, हे प्रकाशनव्यवहाराने केलेले काम आहे. ग्रंथपाठ, आवृत्तींतील फरक, मूळ इंग्रजी कृतींशी तुलना, नियतकालिकांतील प्रथम प्रसिद्धी यांची नोंद हे आमचे काम होते. ते झालेले नाही, आणि दरवर्षी त्यासाठी लागणारा कागद कमी होतो आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय, धारपांना जी. एं.च्या शेजारी बसवायचे? या प्रश्नात आपल्या समीक्षेचा आजार आहे. कोणाला कोठे बसवायचे, याखेरीज तिला दुसरे काम सुचत नाही. धारपांचे पुष्कळ लेखन घाईचे आहे, पुनरुक्त आहे. नारळीकरांच्या कित्येक कथांत पात्रे केवळ सिद्धांत सांगण्यापुरती बोलतात. हे म्हणायला मला संकोच नाही. पण हे मी वाचून म्हणतो. जी. एं.च्या प्रवाशाला आणि धारपांच्या भाडेकरूला अशक्याशी गाठ घालून देताना दोन लेखक विश्वास कोठून आणतात, किती काळ टिकवतात, आणि तो परत करतात की नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधताना दोघांतला दर्जाचा फरकही आपोआप स्पष्ट होईल. आज तो आपण शोधत नाही, पत्त्यावरून गृहीत धरतो.

काही विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘विज्ञानसाहित्य’ हा घटक आता आलेला आहे. तो तसाच, विज्ञानप्रसाराची शिकवणी म्हणून शिकवला जाणार असेल तर त्याने सोवळ्याची घडी अधिकच पक्की होईल. त्याच्या शेजारी भयकथा, गूढकथा आणि अद्भुत कादंबरी ठेवा. रसविघ्नांचे प्रकरण केवळ पाठांतरासाठी न शिकवता या कथांवर चालवून पाहा. आणि विद्यार्थी विषय घेऊन आला तर पत्ता विचारू नका.

त्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंध गेल्या वर्षी पूर्ण झाला. तो चांगला आहे. त्याच्या अखेरच्या प्रकरणात तिने मला न विचारता धारपांच्या कथांवर अकरा पाने लिहिली आहेत. विषयाच्या कक्षेबाहेरचा मजकूर म्हणून ती वगळावीत असा शेरा परीक्षणात आला. मार्गदर्शक या नात्याने मी ती वगळलेली नाहीत; आणि का वगळली नाहीत, याचे लेखी उत्तर मला द्यायचे होते. ते हे.